केशरी मिल्कवीडचे बी का उगवले नाही आणि रोप का गेले

कॅन्सस सिटीजवळच्या आपल्या अंगणात केशरी फुलांचे बटरफ्लाय मिल्कवीड दोनदा फसले, असे आपण लिहिले आहे: पहिल्या वर्षी बी उगवलेच नाही, आणि दुसऱ्या वर्षी नर्सरीतून आणलेले रोप भरपूर कंपोस्ट व रोजचे पाणी मिळूनही हिवाळ्यानंतर परत आले नाही. माझ्या मते दोन्ही वेळा आपण या झाडाचे लाड केलेत.

बियांचे कारण सोपे आहे. प्रेअरीतल्या, म्हणजे अमेरिकेच्या गवताळ मैदानातल्या, या वनस्पतीचे बी ओलसर थंडीत काही आठवडे काढल्याशिवाय सहसा जागे होत नाही. त्यामुळे ते नोव्हेंबरमध्ये थेट जमिनीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे, किंवा ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये महिना-दीड महिना ठेवावे आणि वसंतात लावावे.

रोपाच्या बाबतीत सगळा खेळ मुळाचा आहे. हे झाड जाड सोटमूळ खोल सोडते आणि त्याच्याच जोरावर कोरडा उन्हाळा काढते. पण तेच मूळ पाणी साचणाऱ्या चिकण मातीत हिवाळ्यात कुजते. तुमच्या भागात चिकण माती सर्रास असल्यामुळे उताराची, दिवसभर उन्हाची जागा निवडा किंवा वाफा थोडा उंच करा, आणि खत अजिबात घालू नका. पहिल्या उन्हाळ्यात माती सुकली की पाणी द्यावे, त्यानंतर जवळजवळ विसरून जावे. बियांपासून केलेले रोप फुलायला दोन-तीन वर्षे घेते, आणि एकदा रुजले की त्याची जागा बदलू नये.

वसंतात ते फार उशिरा वर येते. मी स्वतः एकदा एप्रिलअखेर वाफा मोकळा आहे असे समजून खुरपे घातले आणि गाजराएवढे जाड मूळ मधोमध कापले. तेव्हापासून प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवतो. आपले रोप गेले असे आपण मे महिन्याच्या आधी ठरवले असेल, तर कदाचित ते जिवंतही असेल.

नाव मिल्कवीड असले तरी याचे पान तोडल्यावर पांढरा चीक येत नाही, तेव्हा चुकीचे झाड मिळाले असे समजू नका. नाते मात्र आपल्या रुईशीच आहे. रुईप्रमाणेच याचे परागकण सुटे नसून छोट्या पिशव्यांत असतात. मधासाठी फुलावर चढलेल्या माशीचा पाय फटीत घसरतो आणि बाहेर निघताना त्याला पिवळसर पिशव्यांची जोडी अडकून येते. भिंग घेऊन दहा मिनिटे बसलात तर ही जोडी एखाद्या भुंग्याच्या पायाला लटकलेली दिसेल.

मिल्कवीडची पाने खाणारी मोनार्क फुलपाखराची अळी पाहिली की रुईवरची प्लेन टायगरची अळी आठवते: तेच काळे, पांढरे, पिवळे पट्टे, फक्त तिच्या पाठीवर शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात आणि मोनार्कच्या अळीला दोन. मात्र अंडी घालण्यासाठी मोनार्कला इतर मिल्कवीड अधिक आवडतात, म्हणून ओलसर कोपरा असल्यास तिथे स्वॅम्प मिल्कवीडही लावा. आपल्याकडे बागेत दिसणारी हळदीकुंकू हीसुद्धा मिल्कवीडच, पण ती अमेरिकेच्या उष्ण भागातली आहे. कॅन्ससच्या वाफ्यात तिचे काम नाही.

देठांवर पिवळा मावा दिसला, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुवून टाका आणि औषध मारू नका, कारण त्या औषधाने अळीही मरेल. नवीन रोप विकत घेताना त्याला निओनिकोटिनॉइड कीटकनाशक दिले आहे का, हे विचारूनच घ्या. उत्तर टाळले गेले तर रोप तिथेच ठेवा. आणि पुढे आपल्याच झाडाला शेंगा धरल्या, तर त्या उकलू लागताच काढून घ्या, नाहीतर एका वाऱ्यात बियांच्या सगळ्या म्हाताऱ्या उडून शेजाऱ्याच्या हिरवळीवर पोहोचतील.