‘लाईन गेली’ म्हणजे नेमके काय गेले?

प्रश्न : माझी नात पुण्यात शिकते. दिवाळीत ती गावी आलेली असताना संध्याकाळी वीज गेली आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडून एकदमच ‘लाईन गेली’ असे निघाले. त्यावर ती म्हणाली, “आजोबा, लाईन तर खांबावरच आहे, ती कुठे जाणार? लाईट गेली म्हणा.” मी बत्तीस वर्षे मराठी शिकवले, पण मला तिला धड उत्तर देता आले नाही. बरोबर कोण? आणि या एका शब्दाला आपण किती कामांना जुंपले आहे? (एक सेवानिवृत्त शिक्षक, औसा तालुका)

उत्तर : गुरुजी, नातीचा तर्क बिनतोड आहे, पण घरातली मंडळीही चुकलेली नाहीत. शहरात वीज म्हणजे आधी दिवा आणि पंखा, म्हणून तेथे ‘लाईट’ जाते. आपल्याकडे विजेची पहिली आठवण होते ती विहिरीवरच्या मोटारीसाठी. शेतीला वीज दिवसा मिळाली तर आठ तास आणि रात्री मिळाली तर दहा तास, हे चक्र आपल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे अंगवळणी पाडून घेतले आहे. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी ऐन थंडीत मध्यरात्री शेतात गेलेला माणूस कानाला रुमाल बांधून स्टार्टरच्या पेटीसमोर उभा असतो; पेटीवरच्या तीन फेजच्या तीन दिव्यांपैकी दोन लागलेले असतात, तिसरा लागत नाही आणि त्यावाचून मोटार चालत नाही, आणि तो बांधापलीकडे हाक देतो, “लाईन आली का रं तुमच्याकडं?” त्याच वेळी गावातल्या घरांत सिंगल फेजवर बल्ब मात्र व्यवस्थित चालू असतात. या अवस्थेला तो ‘लाईट हाय, पण लाईन न्हाई’ असे म्हणतो. दोन्ही शब्द इंग्रजी असले तरी त्यांतला हा भेद अस्सल आपला आहे, आणि नुसत्या ‘वीज’ या शब्दाने तो दाखवता येत नाही.

आता मूळ अर्थाकडे वळू. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनम’ म्हणतात. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या धाग्याचे कापड ते लिनन, त्याच्या बियांचे तेल ते लिन्सीड, आणि त्याच धाग्याची ताणलेली दोरी म्हणजे ‘लिनिआ’, जिच्यापासून इंग्रजीतला ‘लाईन’ शब्द आला. आपण ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातो, त्याच झाडाचा हा शब्द आहे. दोरी ताणली की ती सरळ होते, म्हणून सरळ रेघ म्हणजेही लाईन झाली, आणि रेघेवर जे जे एकापाठोपाठ उभे राहिले, मग ती माणसे असोत, अक्षरे असोत की घरे असोत, त्या सगळ्यांची लाईन झाली. मराठीत ‘सूत’ हा शब्द जवळजवळ याच वाटेने गेलेला आहे. गवंडी भिंतीच्या दोन टोकांना दोरी बांधतो आणि वीट सुतात बसली की नाही ते पाहतो. सुतार ‘फळी दोन सूत कमी भरली’ असे म्हणतो तेव्हा त्याचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग असतो. आणि दोन माणसांचे जमले तर त्यांचे सूत जुळले, असे आपण म्हणतोच. धाग्यापासून सरळपणाकडे जाण्यासाठी आपल्याला इंग्रजीची गरज पडलेली नव्हती.

मग हा शब्द इतका रुजला कसा? मला वाटते, तो एकटा आला नाही, यंत्रांबरोबर आला. बार्शी लाईट रेल्वे ही दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली रेल्वे 1911 साली लातूरपर्यंत पोहोचली (तिच्या नावातला ‘लाईट’ मात्र वजनाने हलकी या अर्थाचा आहे, दिव्याचा नव्हे), आणि रुळांबरोबर ‘लाईन क्लिअर’ हा शब्दप्रयोगही लोकांच्या कानावर पडला. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडायची असते; म्हणून पुढच्या स्थानकाने मार्ग मोकळा असल्याचे कळवल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही, आणि या परवानगीला लाईन क्लिअर म्हणतात. आज सोयरिकीच्या बोलणीत मुलीच्या मामाचा होकार आला की ‘चला, लाईन क्लिअर’ असे म्हटले जाते. पुढे टेलिफोनची लाईन आली, विजेची आली, पाण्याची आली, आणि ‘पोरगं लाइनीला लागलं’ यासारखी वाक्ये तर कोणी कोणाला शिकवलीच नाहीत. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या मुलाला ‘कोणत्या लाइनीचा आहेस?’ असे विचारले, तर तो ‘मेडिकल’ किंवा ‘इंजिनिअरिंग’ असे उत्तर देतो. एखाद्या मुलाने मुलीवर लाईन मारणे हा अर्थ आपल्या वर्गातही फिरत असणार. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, त्या उन्हाळ्यात या शब्दाचे तीन अर्थ एकाच गावात एकत्र नांदत होते. पाणी रेल्वेच्या लाइनीवरून येत होते, नळाची लाईन कोरडी पडली होती आणि टँकरपुढे घागरींची लाईन लागलेली होती. कोणती लाईन म्हणायची आहे, हे तेव्हा कोणालाही विचारावे लागले नाही.

नातीला सांगावे की, बाळा, खांबावर आहे ती तार. तिच्यातून येते ती लाईन. निबंधात मात्र तिने ‘वीज गेली’ असे लिहावे, नाहीतर गुण जातील.

प्रश्न : आमच्या भागात कालव्याच्या ‘लायनिंग’चे काम चालू आहे. ब्लाऊजलाही लायनिंग लावतात. हा शब्द लाइनीवरूनच आला आहे का? (एक वाचक, पैठण)

उत्तर : होय, पण दोरीच्या अर्थावरून नव्हे, कापडाच्या अर्थावरून. जाड कपड्याला आतून लिननचे अस्तर लावत असत, त्यावरून आतून थर देण्याच्या क्रियेला हा शब्द मिळाला. त्यामुळे शिंप्याचे अस्तर, ब्रेकचा लायनर आणि कालव्याला आतून दिलेला काँक्रीटचा थर ही तिन्ही एकाच कुळातली आहेत. शासकीय कागदपत्रांतला ‘अस्तरीकरण’ हा शब्द त्यामुळे अगदी नेमका बसलेला आहे, आणि सरकारी मराठीबद्दल असे म्हणण्याची संधी फार वेळा मिळत नाही.

प्रश्न : ‘लाईन’ लिहावे की ‘लाइन’? ‘लाईनमध्ये’ की ‘लाइनीत’? (एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : ‘जमीन’ या शब्दाकडे पाहावे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर अकारान्त शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार मराठीत दीर्घ लिहितात आणि सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप होते त्यात, तो ऱ्हस्व होतो. म्हणून जमीन, पण जमिनीत. त्याच न्यायाने मी लाईन, पण लाइनीत आणि अनेकवचनी लाइनी असे लिहितो. ‘लाइनमन’मध्ये तो इकार शेवटून दुसरा राहत नाही, म्हणून तेथे ऱ्हस्व. ‘लाईनमध्ये’ चूक नाही, पण रेघ, ओळ, रांग आणि तार या शब्दांच्या जागी आलेला हा शब्द त्यांच्यासारखाच स्त्रीलिंगी झाला आहे, तेव्हा त्याला त्यांच्यासारखी विभक्तीही लावायला हरकत नसावी. रेशनच्या दुकानापुढे उभी असलेली म्हातारी ‘लाइनीत ये की’ असे ओरडते, तेव्हा ती व्याकरणाला धरूनच ओरडत असते.