सिएरात एकटं जाताना सॅटेलाइट मेसेंजर घ्यावा का, की आयफोनवर भागतं?

तुम्ही विचारलंय की सह्याद्रीत बरीच वर्षं ट्रेक केलेत, आता कॅलिफोर्नियात नवीन आहात, सप्टेंबरमध्ये सिएरा नेवाडात चार दिवस एकट्याने जायचंय, तर सॅटेलाइट मेसेंजर (नेटवर्क नसताना उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र) खरंच लागतो का की आयफोन पुरतो, आणि घेतलाच तर तो सुट्टीत भारतात नेऊन वापरता येईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण त्यात पोलीस आहेत: अजिबात नेऊ नका, का ते खाली सांगतो. पहिल्याचं उत्तर, एकटे जाताय ना, मग घ्याच.

मी मूळचा सांगलीचा, बे एरियात राहतो, आणि इथे येऊन पहिल्यांदा डोंगरात गेलो तेव्हा मीही तुमच्यासारखाच हिशोब केला होता की राजगड-तोरणा रात्रीचा केलाय, हे काय वेगळं असणार. वेगळं हे असतं की सह्याद्रीत कुठेही वाट चुकली तरी खाली उतरत गेलं की दोन-तीन तासांत एखादी वाडी लागते, कुणीतरी आजी पाणी देते, वर "एवढ्या उन्हाचं कशाला आला रं" म्हणून झापते पण वाटेला लावून देते. आणि गडमाथ्यावर तर बऱ्याचदा फोनला दोन काड्या येतात. सिएरात तुम्ही ऑनियन व्हॅलीला गाडी लावून किअरसार्ज पास ओलांडला की (साडेअकरा हजार फुटांच्या वर आहे तो, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त) फोन मेला तो परत गाडीशी येईपर्यंत. वाडी नाही, आजी नाही. खाली उतरत गेलात तर अजून आत जाता.

आता उपकरणांचं. माझ्याकडे गार्मिनचा इनरीच मिनी २ आहे, शंभर ग्रॅम वजन, मुठीत मावतो, वर अँटेनाचा एक खुंटा. तो इरिडियमच्या उपग्रहांवर चालतो. हे ६६ उपग्रह साधारण ७८० किलोमीटरवरून फिरतात, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत, त्यामुळे पृथ्वीवर कुठेही असलात तरी एखादा वर असतोच, पण तो एका जागी थांबत नाही, आठ-दहा मिनिटांत डोक्यावरून निघून जातो आणि मग दुसरा येतो. मोकळ्या माळावर मेसेज मिनिटाभरात जातो आणि अरुंद दरीत, दोन्ही बाजूला भिंती असल्या की तोच मेसेज वीस वीस मिनिटं लटकतो, त्याचं कारण हे. घाबरायचं नाही, उघड्या दगडावर खुंटा आकाशाकडे करून ठेवायचा आणि चहा टाकायचा.

आयफोन १४ पासून पुढे सॅटेलाइटवरून एसओएस आहे, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत चालू झालं, आणि आयओएस १८ पासून साधे मेसेजही जातात. ते ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू, आणि दोन-तीन तासांच्या डे हाइकला मी दुसरं काही नेत नाही. पण चार दिवस एकटं म्हणजे तोच फोन तुमचा नकाशा, तोच कॅमेरा, थंडीत बॅटरी भराभर उतरते, आणि ग्रॅनाइटवर एकदा तोंडावर पडला की सगळंच गेलं. शिवाय उपग्रह कुठे आहे त्या दिशेला फोन धरून उभं राहावं लागतं, मनगट मोडलेलं असताना ते करून बघा. अंडी वेगवेगळ्या टोपल्यांत असलेली बरी, एवढंच.

तिसरा पर्याय पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, नुसती मदतीची हाक पाठवणारं यंत्र. त्याला महिन्याचं भाडं नाही, एकदा विकत घ्यायचा, नोआकडे (अमेरिकेची हवामान आणि समुद्राचं बघणारी सरकारी संस्था) फुकट रजिस्टर करायचा आणि सॅकमध्ये टाकून विसरायचं. बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर जोरदार सिग्नल जातो आणि निदान २४ तास जात राहतो. पण तो मुका आहे. "मी ठीक आहे, उशीर होतोय" एवढं साधं सांगता येत नाही त्याला, त्याला एकच शब्द येतो, वाचवा. आणि माझ्या अनुभवात डोंगरात शंभरातल्या नव्याण्णव वेळा सांगायचं असतं ते उशीर होतोय हेच.

खरं तर मला जे सांगायचंय ते उपकरणाबद्दल नाहीच, ते घरच्यांबद्दल आहे.

पहिल्याच वर्षी मी हा नवाकोरा इनरीच घेऊन ऑनियन व्हॅलीवरून रे लेक्सला गेलो. ट्रॅकिंग चालू, दर दहा मिनिटांनी नकाशावर एक ठिपका पडतो, बायकोला लिंक दिलेली, मी एकदम खुशीत. तेव्हा सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. दोघी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ठिपके बघत बसलेल्या, जशा काही मॅच बघतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ग्लेन पासवर पोचलो, ढग आले, गडगडायला लागलं, मी घाईघाईत खांद्याच्या पट्ट्यावरचा इनरीच काढला, भिजू नये म्हणून सॅकच्या आत टाकला (जो वॉटरप्रूफ आहे, माझ्याच अकलेला गळती होती) आणि त्याच्यावर बसवलं टायटॅनियमचं पातेलं. तिथून पुढे एक ठिपका गेला नाही. म्हणजे घरी काय दिसतंय बघा: जवळजवळ बारा हजार फुटांची खिंड, वेळ दुपारी १:४०, हवामानाच्या पानावर विजांचा इशारा, आणि ठिपका बरोब्बर खिंडीच्या माथ्यावर थांबलेला. एक तास, तीन तास, सहा तास.

मी तलावाकाठी तंबू ठोकला, नूडल्स खाल्ल्या, तारे बघितले आणि रात्री पावणेनऊला आठवलं की अरे, गुड नाइट पाठवायचंय. पातेल्याखालून यंत्र काढलं, दगडावर ठेवलं. थोड्या वेळाने ते वाजलं, मग परत वाजलं, आणि वाजतच राहिलं. बायकोचे सात मेसेज, पहिला "पोचलास का" आणि शेवटचा "आईने देव पाण्यात घातलेत, ९ वाजता मी शेरीफला फोन करतेय". शेरीफ म्हणजे इथल्या काउंटीचा, आपल्या भाषेत जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख. पंधरा मिनिटांचा फरक होता. नाहीतर माझ्या पातेल्यापायी कुणीतरी बिचारे स्वयंसेवक रात्री बूट घालून निघाले असते, इथे शोधपथकातले बरेचसे लोक नोकरीधंदा सांभाळून फुकट काम करणारे असतात.

परत आल्यावर दोन दिवस घरात शांतता होती, मग आम्ही बसून नियम ठरवले, आणि ते कागदावर लिहून कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मॅग्नेटने फ्रिजला लावलेत. ठिपका थांबला तर त्याचा अर्थ काहीच नाही, ठिपक्याकडे बघायचंच नाही. रोज रात्री नऊपर्यंत एक मेसेज, तो मी पाठवणार म्हणजे पाठवणार. एक रात्र चुकली तर यंत्र बिघडलंय असं धरायचं. बाहेर येण्याची ठरलेली वेळ उलटून गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत काहीच कळलं नाही तर मात्र फोन, अजिबात संकोच न करता, आणि कुणाला तर ज्या काउंटीतून आत शिरलोय तिथल्या शेरीफला, त्याचा नंबर, ट्रेलहेडचं (वाट जिथून सुरू होते त्या जागेचं) नाव, परमिट नंबर, गाडीचा नंबर, तंबूचा रंग सगळं त्याच कागदावर. तुम्ही एकटे राहत असाल तर हा कागद कुणाच्या फ्रिजवर लागणार ते आधी ठरवा, मग चारशे डॉलरचं यंत्र घ्या. आईवडील भारतात असतील तर त्यांना ठिपक्यांची लिंक देऊ नका. खरंच नका देऊ.

याचा उपयोग झाला तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. बिशप पास ओलांडून आम्ही दोघं ड्यूसी बेसिनमध्ये होतो, मित्राचा पाय दगडांच्या राशीत मुरगळला, घोटा डोळ्यादेखत लिंबाएवढा सुजला. त्याचं पहिलं वाक्य, "दाब रे ते एसओएस". मी म्हटलं थांब, आधी पाय टेकवून बघ. टेकवत होता. डोक्याला मार नाही, रक्त नाही, श्वास ठीक, दोन दिवसांचं खाणं शिल्लक, गरम कपडे आहेत. मग एसओएस कशाला? फोन ब्लूटूथने जोडून (जोडाच, नाहीतर यंत्रावर वरखाली बटणं दाबत एकेक अक्षर निवडत बसावं लागतं, "ankle" लिहीपर्यंत सूज उतरेल) बायकोला लिहिलं की पाय मुरगळलाय, तुटला नाही, खाणं आहे, एक दिवस उशीर, शेरीफ नको. मेसेजला १६० अक्षरांची मर्यादा आहे त्यामुळे पाल्हाळ आपोआप बंद. तिचं उत्तर आलं, "ठीक. परवा दुपारी गडगडाट आहे, पास सकाळीच ओलांडा. त्याच्या बायकोला मी सांगते." बस. एक दिवस पाय वर करून पडून राहिलो, तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो, त्याची सॅक निम्मी माझ्याकडे, दुपारी उशिरा साउथ लेकला गाडीशी. पीएलबी असता तर एकतर हेलिकॉप्टर आलं असतं नाहीतर दोन घरं दीड दिवस हवालदिल झाली असती.

एसओएस दाबायची वेळ आलीच तर दाबा, तिथे भीड नको. झाकण उघडून बटण दाबून धरायचं, मेसेज गार्मिनच्या टेक्सासमधल्या केंद्रात जातो, तिथला माणूस तुम्हाला उलट मेसेज करून विचारतो, आणि तो तिथल्या शेरीफला किंवा नॅशनल पार्कच्या रेंजर्सना कळवतो. काय झालंय, किती जण आहेत, चालता येतंय का, एवढं नीट लिहा. पण बटण दाबलं म्हणजे लगेच पंखे ऐकू येतील असं नाही हो, रात्र असेल, वादळ असेल तर हेलिकॉप्टर येत नाही, माणसं चालत येणार, म्हणजे ती रात्र तुम्हालाच काढायचीय. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग हे एसओएसचेच भाग समजा. नॅशनल पार्कवाले रेस्क्यूचं बिल लावत नाहीत, पण पुढे खासगी एअर ॲम्ब्युलन्स लागली तर ते बिल डोळे पांढरे करतं, इन्शुरन्स काय देतो ते बघून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर यंत्र साडेतीनशे-चारशे डॉलर आणि वर महिन्याचा प्लॅन. प्लॅन चालू नसेल तर एसओएसही चालत नाही, हे लक्षात ठेवा, कारण हिवाळ्यात बंद केलेला प्लॅन उन्हाळ्यात चालू करायला लोक विसरतात. निघायच्या आठवडाभर आधी घराबाहेर पार्किंगमध्ये उभं राहून एक मेसेज पाठवा आणि समोरच्याला उत्तर द्यायला लावा. आमच्याकडे पहिला मेसेज अनोळखी नंबरवरून आला म्हणून बायकोने तो ब्लॉक केला होता.

आता भारत. आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असला मेसेंजर जवळ बाळगणंच बेकायदा आहे. मूळ कायदे जुने, १८८५ चा टेलिग्राफचा आणि १९३३ चा वायरलेसचा, पण २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी सॅटेलाइट फोन वापरले तेव्हापासून याकडे फार कडक नजरेने बघतात. इरिडियम आणि थुराया (ही दुसरी सॅटेलाइट फोनवाली कंपनी) तर थेट नको त्या यादीत. गोव्याच्या आणि दिल्लीच्या विमानतळावर परदेशी ट्रेकर्सना सामानात इनरीच सापडला म्हणून पोलिसांकडे नेल्याच्या बातम्या आल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतही नव्हतं. आयफोनचं सॅटेलाइट एसओएसही भारतात मिळत नाही. त्यामुळे सह्याद्रीत आपलं जुनंच: पायथ्याच्या घरात सांगून जायचं, किती वाजेपर्यंत उतरणार ते सांगायचं, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये ठेवायचा.

मी सांगलीला जाताना इनरीच ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि सॅकचे सगळे कप्पे पलंगावर उलटे करून झटकतो. मागच्या डिसेंबरमध्ये सगळं झटकलं, बॅगा गाडीत गेल्या, आणि दार लावता लावता बायको म्हणाली, "हा पट्ट्याला लटकतोय तो काय तुझा बाप नेणार आहे का?"