कारचा वॉटर पंप घरी बदलता येतो का? किती वेळ लागतो, आणि त्यात खरंच पैसे वाचतात का?

येतो. (वॉटर पंप म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी फिरवत ठेवणारा पंप.) मी बदललाय. चाळीसगावला, घरासमोरच्या ओट्यालगत, २०१२च्या दिवाळीच्या सुट्टीत. तो पंप पुढे गाडी विकेपर्यंत, म्हणजे सात वर्षं चालला. सात वर्षं हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या नात्यात एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मते तो सहा महिन्यांत गेला. त्यांच्याकडे येतोच.

वेळेचं आधी. पहिल्यांदाच करत असाल तर दोन दिवस धरा. गॅरेजवाला तीन तास सांगेल आणि त्याचं खरंच असतं, पण कुठला बोल्ट कुठून निघाला हे त्याला मोबाइलमधले फोटो बघून ठरवावं लागत नाही.

गाडी २००१ची मारुती झेन. दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची. ते तेव्हाच्या औरंगाबादला असतात. त्यांनी नवी गाडी घेतली आणि जुनी "घरातच राहू दे" म्हणून मला दिली, बाजारभावानं पैसे मोजून घेऊन. बाहेरून गाडी नवरीसारखी. सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

चार-पाच महिन्यांनी सकाळी गाडीखाली ओंजळभर ओल दिसायला लागली. घरातले म्हणाले, एसीचं पाणी असेल. रात्रभर बंद गाडीला सकाळी एसीचं पाणी कुठून येणार? टॉर्च घेऊन खाली शिरलो. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न मुरता तिथून बाहेर पडावं, म्हणजे तुम्हाला कळावं. (ते भोक एम-सीलनं बुजवणारे कारागीर मी पाहिलेत. अशांकडे सायकलसुद्धा नेऊ नका.) त्या भोकापासून खाली एक पांढरी रेघ ओघळलेली होती. पांढरी, कूलंटसारखी (पाण्यात मिसळायचा तो द्रव) हिरवी नव्हे. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पडला नाही. बेल्ट उतरवून पुली हातानं हलवली तर तीही डुगडुगत होती. म्हणजे बेअरिंगही गेलेलं.

झेनला पंप टायमिंग बेल्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करवणारा दातेरी पट्टा) मागे बसतो. म्हणजे पाणी काढा, पुढचं उजवं चाक काढा, फॅन बेल्ट, पुल्या, कव्हर, मग टायमिंग बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर, आणि मग कुठे पंपाचं दर्शन. हे सगळं ओट्यावर जुन्या साडीवर ओळीनं मांडलं. आई बघून म्हणाली, "हाई सम्द आते बसाडशी कशी?" मी म्हटलं, बघत राहा. खरं सांगायचं तर माझ्याही पोटात गोळा आला होता.

टायमिंगच्या खुणा कारखान्याच्या असतातच, पण त्यावर धूळ-तेलाचा थर असतो. मी पोराच्या दप्तरातलं व्हाइटनर घेऊन बेल्ट काढायच्या आधी वरच्या पुलीवर, खालच्या पुलीवर आणि त्यांच्या समोरच्या खुणांवर टिपके दिले. नवा बेल्ट चढवल्यावर इंजिन पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि टिपके परत समोरासमोर आले का ते पाहिलं. एक दात सरकलेला निघाला. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. ही पायरी गाळायची असेल तर मग पंप गॅरेजलाच द्या. काही इंजिनांत बेल्टचं टायमिंग चुकलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात, आणि मग पंपाचा खर्च तुम्हाला चिल्लर वाटायला लागतो.

जुनं पॅकिंग ब्लेडनं हलक्या हातानं खरवडा, स्क्रूड्रायव्हरनं नको. इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, ओरखडा गेला की तिथून पाणी झिरपणार. बोल्टही छोट्या पान्यानं, मनगटाच्या जोरावर, आलटून पालटून समोरासमोरचे आवळायचे. मी एक बोल्ट "आणखी थोडा" म्हणून आवळला आणि एकदम तो हलका झाला. आटे गेले. धनत्रयोदशीच्या दिवशी लेथवाल्याच्या हातापाया पडून त्याला घरी आणला. त्यानं मोठा आटा पाडून मोठ्या मापाचा बोल्ट बसवून दिला, वर "पंपावर हळद-कुंकू वाहा आता" असंही म्हणाला. तो बोल्ट पुढे कधी पाझरला नाही.

पाणी भरताना रेडिएटरचं झाकण उघडं, हीटरची खुंटी पूर्ण गरमवर, इंजिन चालू. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला की वरचा होज तापतो आणि बुडबुडे येतात, पाण्याची पातळी खाली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं. हवा अडकून राहिली तर नव्या पंपाचाही उपयोग नाही. मी कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं घातलं, सगळं मिळून चार लिटरच्या आसपास. काढलेलं जुनं कूलंट गटारीत ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हिवाळाभर गाडी घड्याळासारखी चालली.

आता आखाजी. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीया आमच्याकडे दिवाळीएवढीच मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणपोळी-आमरस होतो, आणि पुरुषमंडळी पत्ते कुटतात. मे २०१३. बहीण आली, दाजी आले, तीन दिवस पत्ते झाले. दाजींची नवी गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून परत सोडायला मी झेन काढली. आम्ही पाच जण, आंब्यांची पेटी, सांजोऱ्यांचा डबा, दोन घमेली कुरडया-पापड. निघायला हवं होतं पहाटे, निघालो अकराला, कारण दाजींची अंघोळ. बाहेर उन्हाचा नुसता जाळ होता, एसी लावला, आणि कन्नड घाट चढायला लागलो.

घाटात ट्रकची रांग होती. पहिल्या गिअरमध्ये दहा पावलं पुढे, थांबा, पुन्हा दहा पावलं. काटा वर सरकला. अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण लावायचा असतो, इंजिनाची गरमी तेवढीच आत ओढली जाते. पण मागे जावई बसलेला, त्या उन्हात हीटर लावू का म्हणून विचारायची माझी छाती झाली नाही. एका वळणावर बॉनेटमधून वाफ आली तेव्हा कडेला घेतली.

मी म्हटलं, अर्धा तास हात लावायचा नाही. दाजी म्हणाले, "मी वीस वर्षं गाडी चालवतोय." ओला नॅपकिन झाकणावर ठेवून त्यांनी ते फिरवलं. झाकणाखाली पाण्यावर दाब असतो, म्हणूनच ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब सुटला की क्षणात सगळ्याची वाफ. कारंजं उडालं. नशीब, नुसता शर्ट भिजला आणि मनगट लाल झालं. एवढ्यावर थांबायचं की नाही? नाही. पाण्याचा गार जार उचलून त्यांनी बदाबदा त्या तापलेल्या इंजिनात ओतला. मी "दाजी, दाजी" करेपर्यंत अर्धा जार आत.

गाडी सुरू झाली, पण मागून पांढरा धूर. तेलाची दांडी काढली तर तेल दुधाच्या चहासारखं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं डोकं (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं होतं. बहीण आणि पोरं एसटीनं पुढे गेली, मी आणि दाजी टेम्पोला दोर बांधून खाली चाळीसगावला. गॅरेजात कारागिरानं हेड उतरवलं, पट्टी लावून पाहिलं, म्हणाला हेड वाकलंय, फेस करावं लागेल, म्हणजे घासून सपाट. मग सहज विचारलं, "पंप कोणी बसवला?"

"मीच."

दाजींनी मान हलवली. "तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले. ते आधी काहीही म्हणत नव्हते.

त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या घराण्यात रुजलं. साखरपुडे, बारसं, वास्तुशांत, कुठेही चार माणसं जमली आणि गाडीचा विषय निघाला की दाजी सुरू: "आमच्या शालकांनी घरी पंप बसवला होता, घाटात इंजिन बसलं." मी तोंड उघडायला लागलो की आई डोळ्यांनी दाबायची. नंतर स्वयंपाकघरात म्हणायची, "जवाई शे तो, काही बोलू नको." दहा वर्षं मी काही बोललो नाही. तुम्ही प्रश्न विचारलात, तुमचे उपकार.

कारण पंप शाबूत होता. कारागिरानंच काढून पाहिला: भोक कोरडं, बेअरिंग घट्ट, पंपाच्या आतला पंखा जागच्या जागी. तोच पंप त्यानं परत बसवला. मग गाडी तापली कशानं? रेडिएटर रेडिएटरवाल्याकडे नेला, त्यानं वरची टाकी उघडली आणि मला बोलावलं. निम्म्याहून जास्त नळ्या पांढऱ्या खड्यांनी गच्च. पाणी तापवायच्या कॉइलवर जो थर बसतो ना, तोच. दाजींनी आठ-दहा वर्षं त्या गाडीत घरच्या बोअरचं पाणी घातलं होतं. "कूलंट बर्फाच्या देशात लागतं, आपल्याकडे काय बर्फ पडतो?" हे त्यांचं वाक्य, गाडी देताना मला अभिमानानं सांगितलेलं. कूलंट नुसतं गोठू नये म्हणून नसतं. त्यानं पाणी उशिरा उकळतं आणि आतून गंज धरत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार तापले की खाली बसतात, आणि ते बसायला रेडिएटरच्या बारीक नळ्यांइतकी चांगली जागा नाही. पहिला पंपही त्यानंच गेला असणार. ती पांढरी रेघ तीच होती.

हिवाळ्यात निम्म्या नळ्यांवर भागून गेलं. मे महिन्यात, घाटात, पाच माणसं आणि एसीसकट नाही भागलं. यात माझ्या पंपाचा काय दोष?

त्या कापलेल्या नळ्यांचा एक तुकडा माझ्याकडे लोणच्याच्या बरणीत अजून आहे. दाजींना दाखवलेला नाही.

पैशांचं विचारलं होतंत. पहिल्या वेळी वाचले नाहीत. पंप, बेल्ट, टेन्शनर, कूलंट हे तर घ्यावंच लागतं. वर जॅकनं उचललेल्या गाडीखाली लावायच्या दोन घोड्या, गोटी पान्यांचा सेट, लेथवाला. गॅरेजच्या मजुरीपेक्षा थोडं जास्तच गेलं. (घोड्यांच्या जागी विटा लावू नका, वीट फुटते.) पान्यांचा सेट मात्र अजून वापरतो. पंप विकत घेताना जुना सोबत न्या, आणि लोकल घेऊ नका, यावर माझ्याशी वाद घालू नका.

एक राहिलं. थर्मोस्टॅट मी बदलला नव्हता. पंपापर्यंत सगळं उघडलेलं असताना तो बदलायचा असतो हे मला माहीत होतं, दुकानदारानंही विचारलं होतं. दोनशे-अडीचशे रुपये वाचवायला मी "जुना ठीक आहे" म्हटलं. घाटानंतर कारागिरानं तो गरम पाण्यात टाकून पाहिला तर अर्धाच उघडत होता. आणि जुनं पाणी काढताना ते गढूळ पांढरं निघालं होतं, तेव्हाच रेडिएटर उघडायला हवा होता, तेही मी केलं नाही. हे दाजींना ठाऊक नाही. बहिणीला ठाऊक आहे.

तुमची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या जीपसारखा पंप बाहेर, फॅनच्या मागे असेल तर माझे दोन दिवस विसरा, एका सकाळचं काम आहे. टायमिंग बेल्टवरची असेल तर वर लिहिलंय. काही नव्या गाड्यांत पंपापर्यंत जायला इंजिनाला खालून आधार देऊन माउंटिंग सोडावं लागतं. तशी असेल तर ओट्यावर करू नका, मीही करणार नाही. आणि सुरू करायच्या आधी गाडी नेहमीसारखी फिरवून आणा, इंजिन बंद करा, किल्ली काढून घ्या, फॅन थांबू द्या, आणि थोड्या वेळानं रेडिएटरच्या जाळीवरून जपून हात फिरवा. सगळीकडे सारखं गरम लागलं तर पंपाच्या मागे लागा. मध्येच गार पट्टे लागले तर आधी रेडिएटरवाला गाठा, आणि गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना पाणी कुठलं घालायचे ते विचारा.