‘साहजिकच’ पडद्यावर कसं आणायचं?

प्रश्न : हंगेरियन लेखक इम्रे कर्तेस यांची नाझी छळछावण्यांवरची ‘फेटलेस’ ही कादंबरी इंग्रजीतून वाचली, मग लायोश कोल्ताई यांनी त्यावर केलेला २००५चा सिनेमा पाहिला. पटकथा खुद्द कर्तेस यांचीच. सिनेमा बघताना डोळे भरून आले. पुस्तक वाचताना रडू आलं नाही, पण रात्रीची झोप उडाली. असं का? आम्ही तिघं मित्र छळछावणीच्या एका कथेवर लघुपट करतोय, म्हणून विचारतो.
– एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : तुमची झोप उडवली ती ‘साहजिकच’ या एका शब्दानं. कादंबरीचा नायक, चौदा वर्षांचा ज्यू मुलगा ग्यूरी, छावणीत जे जे भोगतो, त्याला ‘साहजिकच’ म्हणतो. सुटून बुडापेस्टला आल्यावर एक पत्रकार त्याला टोकतोही, की यात साहजिक काय? कोल्ताई मुळात कॅमेरामन. त्यांनी पडद्यावरचे रंग हळूहळू फिके करत नेले, ते मला फार आवडलं. पण सोबत एन्नियो मोरिकोने यांचं संगीत आहे. इथं दुःख करा, असं ते आपल्याला सांगतं. ग्यूरी कधीच सांगत नाही.

बिर्केनाऊ या नाझी मृत्युछावणीच्या फलाटाचंच बघा. गाडीतून उतरून, कोण कामाला आणि कोण मरणाला अशी निवड करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला लागलेली २० मिनिटं आपल्याला गाळता येईनात, असं कर्तेस २००२च्या नोबेल भाषणात म्हणाले. त्या फलाटावर ग्यूरी काय बघतो? पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातले कैदी. त्याला वाटतं, हे गुन्हेगार. यांनी काय केलं असेल? मग रांगेत तो निवड करणाऱ्या डॉक्टरच्याच नजरेनं माणसं पाहू लागतो : हा म्हातारा, हा धडधाकट. कॅमेरा त्या पोराच्या उंचीवर ठेवा, त्याला हे मोजू द्या, आणि मधे अजिबात कापू नका. मी तीस वर्षं संकलन केलंय. कात्री कुठं चालवायची हे लवकर येतं, कुठं थांबवायची हे फार उशिरा कळलं.

आवाजाचंही सांगतो. एका लघुपटासाठी आम्ही परवानगी काढून भुसावळला मालगाडीच्या रिकाम्या डब्यात ध्वनी नोंदवत होतो. मे महिना. दार ओढून घेतलं. पत्रा तडतडत होता. पाचेक मिनिटांत कुणीतरी बाटलीचं झाकण फिरवलं, आणि आम्ही चौघांनी एकदम मान वळवली. घरी हेडफोन लावून ऐकलं तर झाकणाची ती बारीक करकर, आणि मागोमाग माझाच आवंढा गिळल्याचा आवाज. ग्यूरीला छावणीकडे नेणाऱ्या डब्यात तर पाणीच नव्हतं.

तुमच्या पटकथेत ‘पार्श्वसंगीत : करुण’ असं जिथं जिथं लिहिलं असेल, ते खोडा आणि तिथं काय ऐकू येत होतं ते लिहा. दुसरा खर्डा झाला की पाठवा, मी वाचेन.