गोळ्या कधी सुटणार?

प्रश्न : मावशी, माझं वय ४८. सांगली जिल्ह्यात भावाकडे राहते. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा बिनसलं. बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा मनाचा आजार) आहे हे कळायला सात वर्षं गेली. चारदा ॲडमिट झाले, लग्नही मोडलं. गेली अडीच वर्षं बरी आहे. सकाळी सहा मुलांची शिकवणी घेते (दोघांची फी येत नाही), आईचं पथ्यपाणी बघते. पण परवा चुलतवहिनी म्हणाल्या, "अजून गोळ्या चालूच का गं?" त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. या आजारातून कुणी बरं होतं का?

उत्तर : होतं. तुमचं पत्र मी 'पण'पर्यंत एकदा वाचलं आणि 'पण'नंतर एकदा. दोन वेगळ्या बायकांनी लिहिल्यासारखं वाटलं. पहिली बरी आहे, दुसरीला वहिनींचं प्रमाणपत्र हवंय.

माझ्या आत्याबद्दल घरात "तिचं असंच असतं" एवढंच बोललं जाई. डॉक्टरकडे तिला कुणी नेलंच नाही. तुम्हाला निदान निदान तरी मिळालं.

अमेरिकेत व्हरमाँट राज्याच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं खितपत पडलेले २६९ रुग्ण होते. हे काही सुधारायचे नाहीत, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. १९५०च्या दशकात त्यांना राहायला जागा, हाताला काम आणि विचारपूस करणारी माणसं देऊन बाहेर आणलं. तीसेक वर्षांनी कोर्टनी हार्डिंग या संशोधिकेने त्यांचा माग काढला. १९८७ साली निष्कर्ष छापून आले : निम्म्याहून जास्त माणसं बरी झालेली किंवा पुष्कळ सुधारलेली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मनाचा आजार) होता, तुमचा आजार वेगळा. पण बऱ्या झालेल्यांतही काहींच्या गोळ्या चालू होत्या, काहींच्या बंद. गोळी सुटली म्हणजेच बरं झालो, हे गणित वहिनींचं आहे.

मला काळजी वाटली ती त्या जागलेल्या रात्रीची. बायपोलरमध्ये झोप उडणं ही अनेकदा पहिली खूण असते. एखादी रात्र गेली तर ठीक. पण लागोपाठ दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरीही अंगात उत्साह मावत नाही, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. भावालाही हे आत्ताच सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्हाला स्वतःला छानच वाटत असेल. अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

कुठली गोळी ते तुम्ही लिहिलेलं नाही. लिथियम असेल तर निर्जळी उपास नको आणि मीठ एकदम तोडायचं नाही, रक्तातली लिथियमची पातळी वाढते. जुलाब-उलट्या झाल्या की लगेच डॉक्टरांना विचारा. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. रक्ततपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा, गॅस सिलेंडरची लिहितो तशी. डोस कमी करायचा विषय डॉक्टरांसमोर जरूर काढा, पण परस्पर बंद करू नका. चारपैकी किती वेळा ॲडमिट होण्याआधी गोळ्या सुटल्या होत्या, हे तुमचं तुम्हीच आठवून बघा.

आणि त्या दोन मुलांच्या आयांकडे थकलेली फी मागा. तुम्ही वेळ घालवायला शिकवत नाही, शिकवणी घेता.