मुन्नारला जाताना इरविकुलम राष्ट्रीय उद्यान कधी आणि कसं बघावं? डोंगर आणि प्राणी दोन्ही दिसतील का?

आई-वडिलांना घेऊन डिसेंबरमध्ये जावं की फेब्रुवारीत असा प्रश्न असेल, तर फेब्रुवारी सरळ काढून टाका. निलगिरी ताहर या डोंगरी रानबकरीच्या विणीचा तो काळ असल्याने उद्यान दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटकांसाठी बंद असतं. नेमक्या तारखा वनखातं त्या त्या वर्षी जाहीर करतं. हॉटेलचे पैसे भरण्याआधी त्या बघा, पॅकेजवाले सांगतीलच असं नाही.

डिसेंबर उत्तम, फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. जून ते ऑगस्ट धुवांधार पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरा मोसमी पाऊस असतो, पण तो बहुधा दुपारनंतर येतो, त्यामुळे सकाळ हाती लागते.

तिकीट ऑनलाइन, वेळेच्या स्लॉटसह मिळतं. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, याला पर्याय नाही. ऊन तापलं की दरीतलं धुकं वर चढतं आणि समोरचा अख्खा डोंगर पाच मिनिटांत गायब होतो. शिवाय गर्दी वाढली की ताहर रस्त्यापासून वर सरकतात.

आपली गाडी खाली गेटपाशीच ठेवावी लागते. तिथून वनखात्याची बस उद्यानातल्या राजमला या पर्यटकांच्या भागापर्यंत नेते. रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी भरपेट नाश्ता करून बसू नये. बस सोडते तिथून पुढे साधारण एक-दीड किलोमीटर चढाचा पक्का रस्ता आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही थांबत थांबत जमतो, पूर्ण टोकापर्यंत जायलाच हवं असंही नाही. पहाटे मुन्नारात कडाक्याची थंडी असते आणि दहानंतर ऊन चटके देतं, म्हणून एका जाड जॅकेटपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. टोपी हवीच, कारण वर गवताळ माळ आहे, सावली नाही.

आता प्राण्यांचं. हत्ती, वाघ, बिबट्या उद्यानात आहेत, पण पर्यटकांच्या पट्ट्यात त्यांची आशा धरू नका. इथे यायचं ते ताहरसाठी. बहुतेक जण रस्त्यावर समोर बघत झपाझप चालतात आणि ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परततात. ताहर वरच्या बाजूच्या कातळावर असतो. करडा-तपकिरी रंग दगडात इतका मिसळतो की नुसत्या नजरेने सापडत नाही. कातळाच्या कडेची रेषा डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जा, मागे वळलेली शिंगं किंवा हलणारा कान आधी दिसतो. गडद अंगाचा आणि पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा रुपेरी पट्टा असलेला दिसला तर तो म्हातारा नर. शिंगं मादीलाही असतात, त्यामुळे नुसत्या शिंगांवरून नर ठरवू नका. गार्डला ‘वरयाडू’ (ताहरचं स्थानिक नाव) कुठे म्हणून विचारा, ते बोट दाखवतात.

इथले ताहर माणसांना सरावलेले आहेत, कधी कधी रस्त्याकडेला चार हातांवर चरत असतात. अशा वेळी जागच्या जागी थांबा, हात लावायला किंवा खायला द्यायला जाऊ नका. शिट्टीसारखा आवाज आला तर कळप बिचकलाय, मागे व्हा. फोटोला २०० मिमीपर्यंतची लेन्स पुरे. धुक्यात कॅमेरा फसतो आणि ताहर काळाकुट्ट येतो, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा.

पक्ष्यांची आवड असेल तर शोलाच्या, म्हणजे ओहोळाकाठच्या बुटक्या झाडीच्या कडेला उभे राहा. निलगिरी फ्लायकॅचर तिथे मिळतो. निलगिरी पिपिट मात्र गवतात शोधायचा.

दोन गैरसमज. भूगोलात पाठ केलेलं अनाईमुडी (२,६९५ मीटर) याच उद्यानात आहे, पण साध्या तिकिटावर शिखर चढता येत नाही. आणि निळी कुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मोठा बहर २०१८ ला होऊन गेला, पुढचा २०३० ला अपेक्षित आहे. डोंगर निळे झालेले फोटो बघून या डिसेंबरची आशा ठेवू नका.

सगळं मिळून तीन तास धरा. दुपार मोकळी राहिली तर त्याच रस्त्याने पुढे मरयूर आणि चिन्नार अभयारण्य आहे. घाटाच्या पलीकडचा तो पर्जन्यछायेचा भाग, त्यामुळे इकडे धुकं दाटलेलं असतानाही तिकडे बऱ्याचदा कोरडं असतं.