चाकूच्या मुठीला दोरी कशासाठी बांधतात? मनगटात अडकवायची का?

तुम्ही विचारलंय की नवीन घेतलेल्या घडीच्या चाकूच्या मुठीला शेवटी भोक आहे, त्यात दुकानदाराने रंगीत दोरी ओवून दिलीय, तर ती शोभेची आहे की कामाची, आणि काम करताना मनगटात अडकवायची का.

दोरी कामाची आहे. मनगटात मात्र सहसा अडकवू नका. या दोरीला लॅन्यार्ड म्हणतात. रोजच्या वापरात तिचा खरा फायदा दोनच गोष्टींना होतो: चाकू खिशातून चटकन निघतो आणि हातात नीट बसतो. मी कोल्हापूरजवळ शेती करतो आणि पावसाळ्यात पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडे भटकंती करतो. दोन्हीकडे चाकू लागतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खिसा. घडीचा छोटा चाकू पँटच्या खिशात तळाला जाऊन आडवा पडतो, वर किल्ल्या आणि सुट्टे पैसे. हात चिखलाने भरलेले असताना तो शोधत बसणं नकोसं होतं. दोन-अडीच इंचांची दोरी खिशाच्या तोंडाशी राहिली, की चिमटीत धरून ओढली आणि चाकू हातात आला. म्यानातल्या चाकूचंही तसंच. खोल म्यान चांगलं, कारण चाकू उडी मारताना निसटत नाही, पण मूठ आत बुडालेली असते. तिथे दोरी असली की काम सोपं होतं.

आता पकड, आणि माझ्या मते दोरीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. लहान चाकूच्या मुठीवर तीनच बोटं मावतात, करंगळी बाहेर राहते. खताच्या पोत्याची शिलाई किंवा ठिबकची नळी आपण चाकू स्वतःकडे ओढून कापतो. पातं मध्येच अडकलं की हात मुठीवरून मागे घसरतो, ओला असेल तर हमखास. मुठीपासून अर्ध्या इंचावर दोरीला एक जाड गाठ मारा आणि ती करंगळीने तळव्याशी दाबून धरा. हात घसरायला लागला की करंगळी गाठीला अडते. तीन बोटांची पकड चार बोटांची होते आणि ओढायला जोर येतो. एक लक्षात ठेवा: टोक खुपसताना हात उलटा, म्हणजे पुढे पात्यावर घसरतो. तिथे ही गाठ काहीही करत नाही. त्यासाठी मुठीला पुढे अडणी हवी, नाहीतर तसं काम त्या चाकूने करूच नये.

रंगाचंही सांगतो. काळी किंवा लष्करी हिरवी दोरी दिसायला रुबाबदार असते, पण उसाच्या पाचटात किंवा पावसाळी गवतात पडलेला काळ्या मुठीचा चाकू डोळ्यासमोर असून दिसत नाही. केशरी नाहीतर पिवळीधमक दोरी घ्या.

आता मनगट. चाकू हातातून सुटला तर तो पडू द्यायचा आणि पाय मागे घ्यायचा, हे सगळ्यात सुरक्षित. मनगटात फासा असेल तर चाकू पडत नाही, उघड्या पात्यासह झुलतो, आणि आपण दचकून हात झटकला की तोच हातावर किंवा गुडघ्यावर येतो. पातं जड असेल तर जास्तच वाईट. कोयता पूर्ण वेगात असताना सुटला आणि मनगटाला अडकला, तर तो गोल फिरून नडगीवर येणार. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोयत्यांना मी असा फासा कधी पाहिलेला नाही. फांद्या तोडायला जड पात्याला दोरी हवीच असेल, तर फासा अंगठ्यात घालून हाताच्या पाठीवरून घ्यावा आणि मग मूठ धरावी. मनगट मोकळं राहतं आणि पंजा उघडला की दोरी सुटू शकते.

आपल्या कोल्हापुरातल्या मर्दानी खेळात विटा असतो, तो बघितला असेल तर शंका येईल. त्या भाल्याला दोरी असते, तिचं दुसरं टोक मनगटाला असतं, भाला फेकून परत खेचून घेतात. पण तिथे दोरीसह शस्त्र कसं फिरतं याचाच सराव केलेला असतो. पोतं फोडताना तसा सराव कुणाला नसतो.

चाकू अंगाला बांधावा अशा जागा दोन: पाणी आणि उंची. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी चाकू दोरीने अंगाला बांधत, कारण डोलकाठीवरून सुटलेला चाकू समुद्रात गेला तर परवडलं, खाली डेकवर माणसं असायची. आंब्याच्या झाडावर चढून फांद्या छाटतानाही हेच, फक्त दोरी मनगटाऐवजी कमरेच्या पट्ट्याला बांधा. पाण्याचं म्हणाल, तर २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. बोटीच्या पंख्यात दोर किंवा जलपर्णी गुंतली तर चाकू पाण्यावर वाकूनच चालवावा लागतो, आणि तो तळाला गेला की संपलं. तिथे बांधलेली दोरी योग्य. पण स्वतः वाहत्या पाण्यात उतरणार असाल तर अंगावर लोंबता फासा अजिबात नको, तो फांदीत किंवा तारेत अडकतो.

आणि कडबाकुट्टी, गुऱ्हाळाचा चरक, कुठलंही फिरतं यंत्र जवळ असेल तर मनगटात दोरी नाहीच. हे मी कळकळीने सांगतोय. पॅराकॉर्ड म्हणून मिळते ती जेमतेम चार मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी ५५० पौंड, म्हणजे साधारण २५० किलो ताण सहन करते. ती तुटणार नाही, हात आत जाईल.

अडचणीत सोडून वापरता येते म्हणून लांबलचक विणलेली दोरी मुठीला लावतात, ते मला पटत नाही. विण सोडली तर निघते हात-दोन हात दोरी, आणि तोवर ते ओझं कायम मुठीला लोंबत राहतं. दोरी वेगळी पिशवीत ठेवा. चामड्याची वादी दिसते छान, पण भिजली की सैल पडते आणि वाळली की कडक होते. सुती नाडा ओल धरतो आणि पोलादी पात्याला गंज चढतो. स्वयंपाकाच्या सुरीला तर कसलीच दोरी नको, ती नीट धुतली जात नाही.

तुमच्या चाकूसाठी दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी वीतभर घ्या. दुमडून दुमड भोकातून काढा, दोन्ही टोकं त्या दुमडीतून ओवून ओढा. अर्ध्या इंचावर दोन्ही पदर मिळून एक जाड गाठ, शेवटी दुसरी. मध्ये बोट जाईल असा फासा ठेवू नका, गाडीच्या हँडलला अडकतो. उरलेली टोकं कापून लायटरने वितळवा आणि चमच्याच्या पाठीने दाबा. बोटाने दाबू नका, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं.

सगळं झालं की चाकू दोन-चारदा सावकाश मिटून बघा. मुठीचं भोक आणि मिटलेल्या पात्याचं टोक बहुतेक चाकूंत जवळजवळ असतात. दोरी खाचेत सापडत असेल तर धार तिला रोज थोडी थोडी कापते आणि चाकू अर्धवट मिटलेला राहतो. तसं होत असेल तर गाठ मुठीच्या बाहेरच्या अंगाला सरकवून पुन्हा आवळा.